युद्धनीतीचे कॉम्प्युटर गेम: खरेपणा किती आणि डावपेच कोणते? नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपूरला लष्कराचं अप्रूप नाही. शहराच्या मधोमध सीताबर्डीचा किल्ला, पलीकडे कामठीची छावणी आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र, इकडे वायुसेनानगर, तिकडे अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी. त्यामुळे इथे युद्धाचे गेम खेळणाऱ्या पोरांना घरातले नाहीतर शेजारचे एखादे निवृत्त सुभेदार काका "असं कुठं असतं का रे?" म्हणून टोकतात, आणि बहुतेक वेळा काकांचंच बरोबर असतं. रविवारी आम्ही काही जण धरमपेठेत एकाच्या घरी जमून हे गेम खेळतो. नव्याने येणारे जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

खरा वाटणारा गेम म्हणजे चांगले ग्राफिक्स असलेला गेम का?

ग्राफिक्सचा आणि खरेपणाचा संबंध फार थोडा. १९९६ सालचा 'क्लोज कॉम्बॅट' आज लावला तर वरून काढलेलं सपाट चित्र आणि त्यावर इवलेसे सैनिक, एवढंच दिसतं. पण त्यातल्या प्रत्येक सैनिकाला भीती वाटते. मशीनगनसमोर उघड्यावरून धावायचा हुकूम दिला तर तो जमिनीवर आडवा होतो, पुन्हा हुकूम दिला तरी उठत नाही, आणि सोबतचे पडले तर सरळ पळ काढतो. नंतरच्या कितीतरी देखण्या गेममध्ये मात्र माऊस नेईल तिथे शिपाई निमूट मरायला जातो. आमच्या लेखी पहिला गेम खरा, दुसरा खोटा.

आम्ही एकच कसोटी लावतो. प्रत्यक्ष रणांगणावर त्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला जे कळत नाही आणि जे त्याच्या हातात नसतं, ते गेम तुमच्यापासूनही काढून घेतो का? शत्रू कुठे आहे, हुकूम पोचायला किती वेळ लागेल, माणसं टिकतील का, दारूगोळा पुरेल का. हे सगळं स्क्रीनवर आकड्यांत आयतं मिळत असेल तर बंदुकीचा एकेक स्क्रू दाखवला तरी तो बुद्धिबळाचाच एक प्रकार झाला. बुद्धिबळ थोर खेळ आहे, पण त्यात समोरचा वजीर कुठे आहे हे आधीच दिसत असतं.

माझे शिपाई हुकूमच ऐकत नाहीत. गेम बिघडलाय का?

बिघडलेला नाही. तुम्ही बहुधा पहिल्यांदाच चांगला गेम खेळताय.

यासाठी आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. २९ नोव्हेंबर १८०३, अकोला जिल्ह्यातलं अडगाव. एका बाजूला नागपूरकर भोसले आणि शिंद्यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीची ईस्ट इंडिया कंपनीची फौज. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि कंपनीच्या तीन पलटणी मोडून मागे पळाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत याहून भयंकर तोफांसमोर हेच शिपाई उभे राहिले होते. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना गावाच्या आडोशाला गोळा केलं, पुन्हा रांगेत आणलं आणि चाल करायची वेळ येईपर्यंत जमिनीवर आडवं करून ठेवलं. लढाई त्याने जिंकली, पण सुरुवातीची ती काही मिनिटं हातची गेली असती तर निकाल काहीही लागला असता.

म्हणजे 'अनुभवी पलटण कधीच मोडत नाही' असं धरून चालणारा गेम चुकीचा. आणि मोडलेली पलटण कायमची गेली असं मानणाराही चुकीचाच. 'कॉम्बॅट मिशन' मालिकेत हे फार चांगलं जमलं आहे. तिथे तुकडी घाबरली की वेलस्लीने केलं तेच करायचं: तिला शत्रूच्या नजरेआड घ्या, तिचा अधिकारी जवळ आणा, काही मिनिटं काहीही मागू नका. लगेच पुन्हा पुढे रेटलंत तर ती तुकडी त्या दिवसापुरती संपली.

मशीनगन एवढ्या गोळ्या झाडते, पण कुणी मरतच नाही. असं काऊन?

कारण मशीनगनचं पहिलं काम समोरच्याला डोकं वर काढू न देणं हे आहे. तो खाली दबला की त्याला दिसत नाही, नेम धरता येत नाही, जागा बदलता येत नाही. ती वेळ तुमची. बहुतेक डावपेच शेवटी या एका गोष्टीवर येतात: एकाने दाबून ठेवायचं, दुसऱ्याने सरकायचं.

समजा दीडशे मीटरवर एक शेतघर आहे आणि आत शत्रूची एक तुकडी. तुमच्याकडे तीन तुकड्या आणि एक मशीनगन. नवा खेळाडू तिन्ही तुकड्या सरळ घरावर सोडतो आणि मधल्या उघड्या पट्ट्यात अर्धी माणसं गमावतो. त्याऐवजी मशीनगन आणि पहिली तुकडी समोरच्या बांधामागे बसवा. त्यांनी फक्त खिडक्यांवर मारा करायचा, हलायचं नाही. घरातून येणारा गोळीबार मंदावला की दुसरी तुकडी बगलेने, एखाद्या ओढ्याच्या किंवा कुंपणाच्या आडून निघते. तिसरी जागेवरच राहते. ती राखीव आहे, आणि ती वापरायचा मोह शेवटपर्यंत आवरायचा असतो, कारण ओढ्यात दुसरी मशीनगन निघाली तर तुमच्याकडे तेवढंच उरलेलं असतं.

चुका होतात त्या वेळेच्या. 'कॉम्बॅट मिशन'मध्ये दोन्ही बाजू हुकूम देतात आणि मग साठ सेकंद सगळं आपोआप घडतं, मध्ये हात घालता येत नाही. मारा पंधरा सेकंद आधी थांबला तर खिडकीतला माणूस उठतो आणि तुमची तुकडी अंगणात उघडी सापडते. धूर लवकर सोडला तर ऐन धावायच्या वेळी तो विरतो. बगलेची तुकडी फार जवळच्या कोनातून आणली तर ती तुमच्याच मशीनगनच्या रेषेत शिरते आणि मारा थांबवावा लागतो. म्हणून मारा करणारे आणि धावणारे यांच्यात काटकोन साधता आला तर उत्तम. आणि गोळ्यांचे पट्टे मोजून ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत मशीनगन रिकामी करणारे आमच्याकडे दर रविवारी भेटतात.

वीस जण तीस जणांना हरवू शकतात का?

समोरासमोर, सगळे सारख्याच ताकदीचे आणि सगळे एकमेकांना दिसत असतील तर नाही. आणि हार वाटते त्याहून मोठी असते. तीसमधून वीस गेले की दहा उरतील असं मनाला वाटतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश इंजिनियरने मांडलेलं गणित वेगळं सांगतं: ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. तीसचा वर्ग ९००, वीसचा ४००, फरक ५००, त्याचं वर्गमूळ साधारण २२. म्हणजे वीस संपतात तेव्हा समोर बावीस उभे असतात.

आता तेच तीस जण दहा-दहाच्या तीन टोळ्या करून एकामागून एक आले तर? ४०० मधून प्रत्येक वेळी १०० वजा करा. तिन्ही टोळ्या संपल्यावर १०० उरतात, त्याचं वर्गमूळ १०. वीस जणांनी तीस जणांना पूर्ण संपवलं आणि वर दहा शिल्लक ठेवले. माणसं तीच, बंदुका त्याच, फक्त येण्याची वेळ बदलली. गेममध्ये कुमक जशी मिळेल तशी पुढे ढकलणारे का हरतात, ते या एका हिशेबात आहे. खरी लढाई इतकी स्वच्छ नसते. निम्म्यांना लक्ष्यच दिसत नाही आणि तोफखाना आंधळा मारा करतो तेव्हा वर्गाचा नियम लागू पडत नाही. पण तुकड्या-तुकड्याने लढू नये, एवढं या हिशेबातून पक्कं कळतं.

८५ टक्के नेम असून गोळी चुकते. गेम फसवतो का?

नाही. ८५ टक्क्यांच्या तीन गोळ्या लागोपाठ लागण्याची शक्यता ६१ टक्केच असते. ज्या योजनेला तिन्ही गोळ्या लागणं गरजेचं आहे ती योजना कच्ची आहे. चौथा माणूस तयार ठेवा.

रणगाड्याचं चिलखत गेममध्ये कसं मोजतात?

सोप्या गेममध्ये रणगाड्याला शंभर जीव असतात आणि प्रत्येक गोळा त्यातले थोडे कमी करतो. असं कुठल्याच रणगाड्याचं होत नाही. गोळा एकतर आत शिरतो किंवा शिरत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन टी-३४ रणगाड्याचा पुढचा पत्रा ४५ मिलिमीटरचा, पण उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला त्यामुळे ९० मिलिमीटर पोलाद भेदावं लागतं. शिवाय रणगाडा तुमच्याकडे किती तिरका उभा आहे तेही हिशेबात येतं. 'कॉम्बॅट मिशन' आणि 'ग्रॅव्हिटीम टॅक्टिक्स' हा हिशेब गोळ्यागणिक करतात.

तरी या आकड्यांत फार अडकू नका. नवे लोक चिलखताचे तक्ते पाठ करतात आणि रणगाडा टेकडीच्या माथ्यावर आभाळाच्या रेषेत उभा करतात.

माथ्यावर उभं राहण्यात काय चूक आहे? उंचावरून जास्त दिसतं ना?

जास्त दिसतं, आणि तुम्हीही जास्त जणांना दिसता. दूरच्या प्रत्येक तोफेला तुम्ही आभाळासमोर ठळक उठून दिसता. त्यापेक्षा माथ्याच्या मागच्या उतारावर थोडं खाली थांबा. शत्रूला तुम्हाला पाहायला माथा ओलांडावाच लागतो, आणि तो थोडाथोडा वर येतो तेव्हा तुमच्या सगळ्या बंदुका त्याच्यावर असतात. वरचं लँचेस्टरचं गणित इथे तुमच्या बाजूने काम करतं. वेलस्लीने पुढे युरोपात नेपोलियनच्या फौजांविरुद्ध ही युक्ती पुनःपुन्हा वापरली.

नव्या माणसाला आम्ही एकदा सेमिनरी हिल्सला सकाळी फिरायला नेतो. चढाच्या वर एक जण थांबतो, बाकीचे खालून येतात. कोणत्या वळणावर आधी टोपी दिसते, मग खांदे, मग पूर्ण माणूस, आणि मध्येच कुठल्या खोलगटीत तो पूर्ण नाहीसा होतो, हे डोळ्यांनी पाहिलं की गेममधल्या नकाशाच्या रेषा वाचता येतात. घरी बसून हे कळायला फार उशीर लागतो.

शत्रू दिसतच नसेल तर खेळायचं कसं?

टेहळणीवर वेळ खर्च करून. दहा मिनिटांच्या डावात पहिली तीन मिनिटं दोन माणसं पुढे पाठवण्यात गेली तर ती वाया गेली नाहीत. टेहळ्याला झटपट पळवू नका, थोडं चाला, थांबा, बघा.

काही गेम हा अंधारच खेळाचा गाभा करतात. 'रेडिओ कमांडर' (२०१९) मध्ये तुमच्याकडे नकाशा आणि रेडिओ एवढंच. तुकडीने कळवलेली जागा तुम्ही स्वतः नकाशावर मांडायची, आणि घाबरलेला माणूस जागा चुकीची सांगू शकतो. 'स्कर्ज ऑफ वॉर'मध्ये घोडेस्वार हुकूम घेऊन जातो, आणि तो पोचेपर्यंत मैदान बदललेलं असतं. 'कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स'मध्ये जहाजाचा रडार चालू केला की तुम्हाला शत्रू दिसतो, पण त्याच क्षणी तुमचा रडार त्यालाही ऐकू येतो. कधी चालू करायचा आणि कोणत्या जहाजाचा, यावर अख्खा डाव ठरतो. या गेमची व्यावसायिक आवृत्ती लष्करी संस्था वापरतात ते उगाच नाही.

गनिमी कावा खेळता येईल असा गेम आहे का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि आमच्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे खेळायला मिळतात. भगवा पाहून उर भरून येतो, पण लढाई शेवटी मैदानात दोन रांगा समोरासमोर अशीच होते. गनिमी काव्याचं मूळ रसदीत आहे. शत्रूशी गाठ पडू न देता त्याचं धान्य, वैरण, खजिना आणि झोप तोडायची, आणि तो थकला की निघून जायचं. झेंडा पकडला की गुण मिळतात अशा गेममध्ये निघून जाणं म्हणजे हरणं, मग गनिमी कावा उरतोच कुठे?

म्हणून आम्ही उलटं सुचवतो. रसद ज्यात खरी आहे तो गेम घ्या, मग तो कुठल्याही देशाचा असो. 'युनिटी ऑफ कमांड'चा विषय दुसऱ्या महायुद्धाची पूर्व आघाडी. पण त्यात रेल्वे आणि रस्त्यांवरून येणारी रसद कापली की शत्रूची बलाढ्य डिव्हिजन एकही गोळी न झाडता दोन-तीन टर्नमध्ये लुळी पडते. मग तुम्ही शत्रूची डिव्हिजन बघणं सोडता आणि तिच्या मागचा रस्ता बघायला लागता. मराठी मनाला ही नजर लगेच ओळखीची वाटते.

पानिपतही याच नजरेने बघावं. तिथे १४ जानेवारी १७६१ च्या दिवसाइतकेच त्याआधीचे आठवडे महत्त्वाचे. मराठ्यांची छावणी अडकलेली, दिल्लीकडची वाट बंद. अब्दालीची रसद तोडायचं काम ज्यांच्याकडे होतं ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि उलट मराठ्यांचीच उपासमार झाली. पानिपतचा जो गेम फक्त १४ तारखेपासून सुरू होतो त्यात सदाशिवरावभाऊंसमोरचा खरा प्रश्न येतच नाही.

सीताबर्डीची लढाई खेळता येते का?

विकत मिळणाऱ्या गेममधली आम्हाला माहीत नाही, म्हणून आम्ही ती कागदावर खेळतो. प्रशियाच्या रायस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये मांडलेली 'क्रीगश्पील' पद्धत वापरतो. १:८००० चा नकाशा, दोन मिनिटांची एक खेळी, दोन्ही पक्ष वेगळ्या खोलीत आणि मध्ये एक पंच. हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाला द्यायचे, आणि तुमच्या माणसांना जे दिसलं असतं तेवढंच तो येऊन सांगणार. आजच्या कॉम्प्युटर गेममधलं फॉग ऑफ वॉर, म्हणजे न दिसणारा शत्रू, इथूनच आलं.

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सुरू झालेली ही लढाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. टेकड्यांवर कंपनीचे जेमतेम दीड हजार, आणि आप्पासाहेब भोसल्यांची फौज त्याच्या कितीतरी पट, त्यात अरबांच्या कडव्या तुकड्या. सगळा खेळ दोन टेकड्यांचा आहे. छोटी टेकडी मोठीच्या इतकी जवळ की ती ज्याच्या हातात तो मोठीवर तोफ डागू शकतो. सत्तावीसच्या सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. त्या क्षणी कंपनीची बाजू बुडाल्यात जमा होती. खाली मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डने थोड्याशा घोडदळानिशी हल्ला चढवला, त्याने पायदळाला धीर आला आणि छोटी टेकडी परत कंपनीकडे गेली.

भोसल्यांच्या बाजूने खेळणाऱ्याला आम्ही एकच प्रश्न देतो: छोटी टेकडी हाती आल्यावर पुढच्या दहा मिनिटांत तिथे काय पोचवाल? बहुतेक जण टेकडी घेण्याची योजना सुंदर आखतात आणि ती राखायला मागे काहीच ठेवत नाहीत. आज दिसतो तो किल्ला लढाईनंतर बांधला, त्यामुळे नकाशावर भिंती काढू नका. २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला किल्ला लोकांसाठी उघडतात तेव्हा जाऊन वरून अंतरं बघून या.

भारतीय सैन्याच्या लढाया कुठे मिळतील?

फुकटात हव्या असतील तर 'विनएसपीएमबीटी'. १९४६ नंतरच्या काळाचा टर्नवर चालणारा जुना गेम आहे, त्यात भारत आणि पाकिस्तान दोन्ही फौजा आहेत आणि स्वतःची लढाई मांडता येते. पंजाबमधली असल उत्तरची लढाई (सप्टेंबर १९६५) मांडताना पाणी सोडलेली शेतं आणि उभा ऊस टाकायला विसरू नका, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्यातच फसले. अब्दुल हमीदांच्या जीपवरची रिकॉइललेस तोफ झाडली की मागे धूळ आणि ज्वाळा उठते आणि जागा उघडी पडते. गोळा मारून लगेच जागा बदलायची, हा डावपेच तिथे आपोआप शिकता. राजस्थानातल्या लोंगेवाला ठाण्याच्या लढाईसाठी (४-५ डिसेंबर १९७१) डाव रात्रीच सुरू करा. आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना अंधारात येता येत नव्हतं, त्यामुळे सुमारे १२० जवानांना उजाडेपर्यंत तग धरायची होती.

"माझं पोट्टं दिवसभर रणगाडेच चालवत बसते. काही कामाचं आहे का हे? एनडीएत उपयोग होईल?"

काकू, थेट उपयोग होत नाही. एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, गटनियोजनात वेळ, अंतर आणि माणसं यांचा मेळ घालायचा असतो, तेवढी सवय अशा गेमने लागू शकते. बाकी धावणं, बोलणं, गणित हे सगळं वेगळं करावंच लागतं. एक मात्र करून पाहा. डाव संपल्यावर तो काय चुकला हे त्याला कागदावर नकाशा काढून समजवायला सांगा. समजावता आलं तर तो शिकतोय. नुसतं जिंकलो-हरलो सांगत असेल तर तास कमी करा.

सुरुवात कुठून करू? लॅपटॉप साधा आहे.

'युनिटी ऑफ कमांड' साध्या लॅपटॉपवर चालतो आणि एका संध्याकाळी समजतो. त्यानंतर 'कॉम्बॅट मिशन', पण सेलमध्ये घ्या, एरवी महाग पडतो. 'वॉर इन द ईस्ट' हा अवाढव्य गेम पहिल्या वर्षी उघडूही नका. मे महिन्यात पारा ४५ वर असताना मोठ्या रिअल-टाइम लढाया दुपारी लावल्या तर लॅपटॉप तापून अडखळतो. टर्नवर चालणारे गेम उन्हाळ्यात बरे.

रविवारी यायला जमत नाही. एकट्याने कॉम्प्युटरशीच खेळू का?

सुरुवातीला हो. पण कॉम्प्युटर फसत नाही आणि फसवतही नाही, दोन महिन्यांत त्याच्या सवयी कळतात. 'कॉम्बॅट मिशन'चा डाव ईमेलने खेळता येतो. तुम्ही रात्री हुकूम देऊन फाइल पाठवता, समोरचा सकाळी ड्युटीला जायच्या आधी उत्तर देतो. एक डाव दोन-तीन महिने चालतो. आमच्यातले निम्मे असेच खेळतात, आणि समोरच्याने फाइल पाठवायला उशीर केला तर घाई करायची नाही हा आमच्यात पाळला जाणारा एकमेव नियम आहे.